पहिल्या गाडीची भाकरी

आई, काल नातीनं विचारलं, भात खाल्ला की लगेच भूक लागते आणि भाकरी खाल्ली की लागत नाही, असं का? मी तिला पिष्ट, साखर सगळं समजावू लागले. उभं आयुष्य तेच तर शिकवत आले. पण बोलता बोलता आपल्या मुरुडहून येणारी सकाळची पहिली गाडी डोळ्यांपुढे आली आणि उत्तर अर्धवटच राहिलं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्याकोऱ्या आणि नळ कोरडे. कॉलेजात सरांनी आम्हा धडधाकट मुलींवर एक प्रयोग मांडला होता. एका आठवड्यात भात, एकात साबुदाणा, एकात ज्वारीची भाकरी, सगळं तोलून. रात्रीपासून काही न खाता यायचं, समोर ठेवलेलं संपवायचं आणि मग थोड्या थोड्या वेळानं बोटाला सुई टोचून घ्यायची. रक्तातली साखर किती चढते, केव्हा उतरते, ते सर बघत. ज्यांचे डबे गावाहून एसटीनं येत, त्यांनी भाकरी घरचीच आणायची, पण त्याच सकाळी थापलेली, ही त्यांची सक्त अट.

भाताला आणि साबुदाण्याला माझी साखर इतरांसारखीच भराभर चढली. भाकरीच्या आठवड्यात मात्र बाकीच्या मुलींपेक्षा फारच सावकाश. सर चारचौघींदेखत म्हणाले, "भाकरी मैत्रिणीला देऊन टाकतेस ना? खरं बोल, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." मी मान खाली घालून उभी आहे. प्रयोगातून काढलं तर काढलं, पण लबाड म्हणून काढणार, हेच डोक्यात घोळतंय. आणि नेमकी त्याच दिवशी तू बाजाराला आलेली, डबा घेऊन दारात उभी.

"लेकराला बोलू नका, सर," तू म्हणालीस. "भाकरी शिळी हाय. पहाटं आडावर नंबर लावावा लागतो, पाणी भरूस्तोवर गाडी निघून जाती. म्हणून रातच्यालाच थापून ठिवते. तिला ह्यातलं काहीच ठाव न्हाई."

लेकीला शिळं पाठवते, हे तू परक्या माणसांसमोर बोललीस. तुझा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो. सर मात्र खुर्चीतून उठलेच. शिजलेलं पिष्ट गार झालं की त्यातलं काही रात्रभरात घट्ट होऊन बसतं, सहज पचत नाही, म्हणून साखर हळू चढली असणार, असं ते तुला हातवारे करून सांगू लागले. वर म्हणाले, "आता सगळ्याच मुलींसाठी एकदा शिळी पाठवा, बाई."

"परक्याच्या लेकींना शिळं घालू व्हय?" तू उखडलीस. "लई झालं तुमचं शिकणं!"

शेवटी वसतिगृहाच्या मावशींनी रात्री भाकऱ्या करून ठेवल्या आणि सगळ्यांचीच साखर सावकाश चढली. तू मात्र त्यानंतर मला कधी शिळी पाठवली नाहीस. त्यासाठी किती झोप मोडत होतीस, ते मी विचारलं नाही.

पुढं पाहुण्यांना ही गोष्ट सांगताना तू हसायचीस, "पोरगी लई भोळी, शिळं-ताजं कळलंच न्हाई तिला." मीही हसायचे. आता तू नाहीस, हा कागद कुठं जायचा नाहीच, म्हणून सांगून टाकते. आई, मला पहिल्याच घासाला कळलं होतं. तुझं नाव निघू नये म्हणून गप्प उभी होते.