फट असू द्या

रविवार, ता. ४

आज इमारतीच्या किल्ल्या हातात पडल्या. खाली दोन दुकानं, वर दोन बिऱ्हाडं. सगळी इमारत आता माझी; वरच्या एका बिऱ्हाडात मी राहणार. जन्मभर लोकांच्या घरांना दारं बसवली, म्हातारपणी स्वतःची चौकट मिळाली. लेक म्हणते, बाबा, या वयात हा व्याप कशाला? अगं वेडे, तुझ्यासाठीच तर. जावई गेल्यापासून ती आणि नात एका कोंदट खोलीत दिवस काढतायत. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दोघी इथे राहायला येतील.

शेजार मजेशीर आहे. खालचा न्हावी एका मुलखाचा, शिवणवाली दुसऱ्या मुलखाची, माझ्यासमोरची नर्स तिसऱ्याच मुलखाची. गल्लीत पाऊल टाकलं की कानावर नाना भाषा पडतात.

जुन्या मालकाने मात्र उंबरा ओलांडला नाही. रस्त्यातच किल्ल्या दिल्या आणि एक पिशवी. आत लाकडी पाचरी. किल्ल्यांपेक्षा पाचरीच जास्त! कशाला म्हणून विचारलं, तर लागतील म्हणाला आणि मागे वाघ लागल्यासारखा गेला.

मंगळवार, ता. ६

या घरात एक दार धड लागेल तर शपथ. कुठे रंधा जास्त मारलेला, कुठे बिजागरी तिरकी, आणि प्रत्येक फटीत पाचर ठोकलेली. सुताराने असं दार बघायचं म्हणजे डोळ्यात कुसळ घेऊन हिंडायचं. आमच्याकडे उघडं दार चालत नाही. लेकीला मी तेच शिकवलं, तिने नातीला. पोर घरात आली की आधी दार लावते, मग चपला काढते.

शिवणवालीला म्हटलं, फुकट नीट करून देतो. टाचण्या तोंडात धरूनच ती हसली. "काका, आमचं असंच बरं आहे. फट असू द्या."

नर्सही तेच म्हणाली, न्हावीही तेच. तिघांच्या तीन बोली, पण हे वाक्य सगळ्यांना पाठ. भीड वाटत असेल बिचाऱ्यांना, नव्या मालकाला कामाला कसं लावायचं म्हणून.

शुक्रवार, ता. ९

न्हावी चहाला गेला तेवढ्यात त्याचं दार उतरवून, पट्टी जोडून पुन्हा बसवलं. म्हटलं, परत येईल तो चकितच होईल. झालाही. दारावरून दोनदा हात फिरवला. आभार राहिले बाजूला. मग पाचर मागू लागला. मी म्हटलं, आता कशाला पाचर, निवांत झोप. तो दुकानातच झोपतो.

पाचरींचं लाकूड जुनं, झकास आहे. टाकवेना. सगळ्या जोडून नातीसाठी एक गाडी केली. चाकंसुद्धा फिरतात.

सोमवार, ता. १२

माझ्या खोलीचं दार झालं, रस्त्याचंही झालं. बोटाने ढकललं की लोण्यासारखं लागतं. हातात अजून कसब आहे म्हणायचं! रोगण ओलं आहे, म्हणून दोन्ही दारं आज सताड उघडी ठेवली आहेत.

न्हाव्याने दुकान उघडलेलं दिसलं नाही. कुठे गावाला गेला असेल.

मंगळवार, ता. १३

गावाला गेलेला नाही.

सकाळी त्याच्या दारावर नख फिरवलं. दार कुठे संपतं आणि चौकट कुठे सुरू होते, तेच कळेना. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधीच झालेलं नाही. दुपारी पाहिलं तर दारही नव्हतं. भिंत होती. जुनाट गिलावा, पावसाचे ओघळसुद्धा जुने. एक गिऱ्हाईक दाढी खाजवत आलं, इथे कुणी न्हावी असायचा का हो, म्हणून मलाच विचारू लागलं.

भिंतीला कान लावला. आत कात्री चालली होती.

शिवणवालीने मशीन हातगाडीवर चढवलं. नर्सने वळकटी बांधली. शिवणवाली म्हणाली, हे घर तोंड मिटायला टपलेलं असतं, आम्ही मिटू देत नव्हतो.

"तुम्ही मिटवलंत, काका. चला आमच्याबरोबर."

कसा जाऊ? रविवारी लेक येणार. केलेलं सगळं उखडायला हवं, आणि हत्यारं वर. रस्त्याच्या दारात पाचर म्हणून नातीची गाडीच सरकवली आणि वर आलो. आधी लेकीला फोन करायला हवा होता. वर जाऊन करू म्हटलं.

हत्यारांची पेटी उचलली आणि मागे खोलीचं दार लागलं. वारा नव्हता.

बुधवार, ता. १४

दारावर पटाशी चालवली. ढलपी निघते, आणि मी कपाळाचा घाम पुसेपर्यंत लाकूड भरून आलेलं असतं. फोन लावला की माझाच श्वास ऐकू येतो. घाबरून कसं चालेल. सुताराला दार कसलं अडवतंय.

गुरुवार, ता. १५

दार नाही. भिंत आहे.

खिडकी काल दोन हात रुंद होती. आज डोकंही जात नाही. हाका मारतो. खालून माणसं जातात, कुणी मान वर करत नाही.

जिन्यातून अजून रस्त्याचा आवाज येतो. म्हणजे गाडी दारात आहे. तेवढी एक फट आहे. ती राहू दे, देवा. माझं काय ते होऊ दे —

शनिवार, ता. १७

खिडकी चार बोटं. पाणी संपलं.

लेकी, येऊ नकोस. आलीस तर —

कात्री आता माझ्या भिंतीशी वाजते. न्हावीही बोलत असेल. मला फक्त कात्री —

रविवार, ता. १८

आल्या. फटीतून दिसल्या. नातीच्या अंगात लाल फ्रॉक, लेकीच्या दोन्ही हातांत पिशव्या. ओरडतोय, हातोडी आपटतोय — वर बघत नाहीत —

दाराशी आल्या. ऐकू येतंय. सगळं ऐकू येतंय. लेक म्हणतेय, बघ, आजोबांनी दार कसं सुरेख बसवलंय —

नात हसली.

"आई, गाडी! माझ्यासाठी!"

नको बाळा, उचलू नकोस, राहू दे तिथेच —

उचलली. चाकं फिरवतेय.

आता चपला काढ. सोने, आज आधी चपला काढ, आज दार —