ऐन होता तिथून

३ ऑगस्ट, रविवार

दामू,

आमी बरी हाव, तू बरा असशील. झालं विचारून. आता सांग, फोन का कापतोस? बेटेगावात खोली घेतलीस म्हणजे बहीण मेली काय? ही चिठ्ठी दीपालीच्या हाती देते. ती तुझ्याच कंपनीत येते, म्हणून नाय मिळाली असं बोलू नको.

तुझी पोर भाग्यश्री बरी नाय. ताप नाय, खोकला नाय. शाळेची खिचडी खात नाय. मी रांधते ती.

शाळेमागं पोरांनी झाडं लावली. रानपिंगळे, ती दिवसा ओरडणारी लहान घुबडं, थोडीच उरलीत, त्यांना रान पायजे, म्हणून. साग, मोह, ऐन, सगळी अजून गुडघ्याएवढी. आणि पिंगळा आला, दामू. भर दुपारी ओरडतो. सर खूश. पोरांना बोलले, "बघा, तुमची झाडं बघायला आला!"

पण बसलाय कुठं? आवाज वरून येतो, दोन माणसं उंच, आणि तिथं काय नाय. नुसतं आभाळ. खाली तू तोडलेल्या वाळक्या ऐनाचा खुंट.

भाग्यश्री त्या खुंटावर उभी राहते, हात वर करून. बोलली, "आत्या, तो घर शोधतोय. हितलं झाड कुठं गेलं?"

"वाऱ्यात पडलं."

पोरीनं खुंटावर बोट फिरवलं. "वाऱ्याकडं कुऱ्हाड असते काय?"

झाडं लावायला जागा पायजे म्हणून सरांनी नुसती झुडपं काढायला सांगितली होती. सरपणाला ऐन तोड, हे मीच तुला बोलले. तू बोललास, "ढोली रिकामी हाय, मी बघितली." तेवढं धरून मी एप्रिलपासून राहिले.

आता ऐक. चुलीत घालायच्या आधी मी ढोलीत हात घातला होता. आत ऊब होती. लाकूड उन्हात पडलंय, म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं. हात आणखी आत नेला नाय. त्या जाळावरची खिचडी पोरांनी खाल्ली. भाग्यश्रीनं दोनदा घेतली.

तो आवाज रोज थोडा खाली उतरतोय, झाड पडलं तसा. काल पोरीच्या हातापासून वीतभर वर होता.

शुक्रवारी तुला सुट्टी, दुपारच्या आधी ये. पोरांपुढं दोघं उभं राहू. कुऱ्हाड तुझी, चूल माझी. यायची हिंमत नसेल तर शुक्रवारपर्यंत दीपालीजवळ एवढंच सांगून पाठव, ढोलीत खरंच बघितलं होतंस काय?

हात मागं घेणारी तुझी बहीण,
बुधी