मखमल एकाच दिशेने

प्रिय आई, लांबूनच तुझ्या गळ्यात पडते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. इथे कामावर आम्ही टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांसाठी पातळ फिल्म बनवतो. काचेवर मखमल एकाच दिशेने फिरवायची, की वर ओतलेल्या द्रवाचे रेणू विंचरल्यासारखे ओळीत बसतात. मग दिव्याखाली धरलं, की तसेच कायमचे पक्के होतात. काल माझा हात एकदा उलटा फिरला आणि अख्खी फिल्म धुरकट झाली. मला तूच आठवलीस, माझी वेणी घालताना ओरडणारी: "हलू नकोस गं, भांग वाकडा होतोय!"

औषधांनी अजून मळमळतं का? फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणतेस, पण बाबा बोलतात तेव्हा बरा चालतो! नवे केस बोटभरही नसतील, असू देत. मी आले की कंगवा माझ्या हातात द्यायचा. आणि हलायचं नाही.

तुझी धाकटी