आठवी खुर्ची

४ जुलै
रघू टेंपोवाल्यानं आठ खुर्च्या उतरवल्या. नदीपलीकडच्या फार्महाऊसवाल्या मॅडमच्या. फ्रान्सच्या, दोनशे वर्षांच्या म्हणे. राखाडी रंग, निळसर कडा, गोल पाठ, वर कोरलेली फुलांची माळ. टवके उडालेत तेवढेच भरायचे. "नव्या दिसता कामा नयेत हं, बाई." जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, आता फ्रान्सची डागडुजी. ओटीवर मावेनात म्हणून हातवाली एक आत, ह्यांच्या पलंगाशेजारी. घर की गोदाम!

७ जुलै
रंग जुळत नाही. पांढऱ्यात काळा, चिमूटभर पिवळा, तरी शेवाळच दिसतं.
दुपारी भरवताना ह्यांना परत ठसका. डोळे पांढरे केले. डॉक्टरांचं दर खेपेला तेच, आडवं ठेवून भरवू नका, एक दिवस घास श्वासात जाईल, ताठ बसवा. बसवा म्हणे! लकव्यात उजवी बाजू गेलेली. प्लॅस्टिकच्या खुर्चीतून घसरतात, चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की तोंड फिरवतात. बोलणं "हां" आणि "नको", एवढंच उरलंय. दमले.

१० जुलै
चादर बदलायची होती. ह्यांना ठेवू कुठे? प्लॅस्टिकची अंगणात भिजत. शेवटी हातवालीवर जुनी साडी टाकली आणि बसवलं. देवा, मोडू नको. नाही मोडली. दोन हातांच्या मधे बरोब्बर मावले, पाय जमिनीला टेकले. तिथंच वरणभात दिला. डाव्या हातानं चमचा स्वतः धरला. ठसका नाही.
मोरीत जाऊन रडून घेतलं.

१६ जुलै
दोन्ही वेळा तिथंच जेवतात. जेवण झालं तरी उठत नाहीत, खिडकीतून रस्ता बघतात.
दहिवलीच्या सुताराला मोबाईलवर फोटो दाखवला, अशीच साधी एक करून द्या. "बाई, मखरांची कामं हायेत. गणपती झाल्याबिगर हात नाय लावायचा." गणपतीला अजून केवढा वेळ. आणि मॅडमना खुर्च्या ह्याच महिन्यात हव्यात.

२१ जुलै
काम संपलं. आठही झाल्या. मॅडमचा फोन, "झालं का?" म्हटलं, एकीचा रंग वाळत नाही हो, हवा दमट. खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभी करायचे मी!
मग खोटं नको म्हणून त्या खुर्चीच्या पाठीला मागून, ह्यांचं अंग लागत नाही तिथं, रंगाचा एक हात मारला. आता खरंच ओली आहे.

२५ जुलै
परत फोन. परत एक हात. पाठीमागे जुन्या कुंचल्याच्या रेघा दिसायच्या, कुणा फ्रेंच माणसानं ओढलेल्या. आज दिसत नाहीत. इतक्या जुन्या वस्तूचं वाटोळं करतेय. कळतंय. काय करू?

३१ जुलै
ऐन जेवणाच्या वेळी रघू हजर. सात खुर्च्या चढवल्या, मग आत आला. हे बसलेले, पुढ्यात ताट.
"बाई, आठवी हीच ना?"
सहा दिवसांत रंगाचा हात मारायला झालंच नव्हतं.
ह्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "ओली हाय."
स्पष्ट. लकव्यापासून पहिल्यांदा.
रघूनं पाठीला बोट लावलं. कोरडंच निघालं. बोटाकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, बोट पँटला पुसलं. "व्हय काका, ओलीच हाय. आज नाय नेत." मला दारात हळूच, "मॅडम रविवारी सोता येनार हायेत, बाई. तेवढं बघा."
रविवार परवाच. रंगाचा डबा काढून ठेवलाय, उघडला नाही. हे अजून उठले नाहीत.