कानात सांगितलेला सिनेमा

९ नोव्हेंबर, सकाळ

दादा,

‘प्रिय’ विसरले नाही, गाळलंय. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे मजेत, सगळे म्हणजे मी एकटी. लाँड्रीतलं काम चालू आहे, गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

फिल्म क्लबच्या पुस्तकासाठी माझी वही हवी म्हणतोस. वर तुझं नाव, आत माझ्या नोंदी. शिवाय ‘तुला ही आवड मीच लावली’ म्हणे. वा रे शहाण्या.

तू मला न्यायचास, कारण पासावर दोन खुर्च्या होत्या आणि तुझ्या मित्रांना त्या परदेशी सिनेमांचा वैताग यायचा. मला पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी भरभर वाचता यायच्या नाहीत, म्हणून तू कानात सांगायचास आणि मी घरी येऊन ते वहीत उतरवायची. पहिले सहा महिने मी डुलक्याच काढल्या. मग एका सिनेमात एक बाई एकामागून एक शर्टांना इस्त्री करत राहिली. तू जांभया देत होतास. मी मात्र ताठ बसले. तिनं कॉलर टोकाकडून आत दाबली, अगदी आमच्या लाँड्रीत दाबतात तशी, आणि सहाव्या शर्टावर तिचा हात थांबला. बोलली काहीच नाही. तरी मला कळलं, शर्टवाला आता घरी येत नाही. चटक तिनं लावली, तू नाही.

तू घर सोडून गेलास, पास माझ्याकडे राहिला. बाबांचं आजारपण, लाँड्री आणि रविवारी दोन तास क्लब. हळूहळू ओळी वाचायला शिकले. गेल्या महिन्यात तो स्टेशनवरचा सिनेमा पुन्हा लागला. बाप मुलीला बाकावर बसवून गाडीत चढतो, तो. तेव्हा तू कानात म्हणाला होतास, “तो सांगतोय, मी परत येतो.” मी त्या ओळीची वाट पाहत बसले. बाप काहीच म्हणत नाही, दादा. खाली ओळच नाही.

मग क्लबच्या कपाटातल्या जुन्या सीड्या लावून वही ताडून पाहिली. निम्मे संवाद तुझ्या मनचे. तुलाही वाचता येत नव्हतं, फक्त कबूल करवत नव्हतं.

वही छापलीस तर तुझे जाणकार पोट धरून हसतील. त्यांनी हसावं म्हणून पाठवणारच होते, पाकीट बांधून तयार होतं. पण ते स्टेशनचं पान पुन्हा उघडलं. तो सिनेमा आपण पाहिला त्याच आठवड्यात बॅग उचलून दारात तू मला तेच म्हणाला होतास. मी सतरा वर्षांची. खरं मानलं, कारण पडद्यावरचा बापही तसंच म्हणाला होता ना. बाबा जाईपर्यंत दाराकडे बघत होते. तुझं पत्र यायला अकरा वर्षं लागली, तेही वहीसाठी.

वही मिळणार नाही. ते एकच पान फाडून सोबत पाठवतेय. त्यावर मी खोडलेली ‘मी परत येतो’ ही ओळ तुझी आहे, तुझ्याकडेच ठेव.

शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून सिनेमा बघणारी,
तुझी धाकटी बहीण