परत फिरवायचा हक्क

खानापूर, ६ जानेवारी २०२५

तीर्थरूप जयाआत्यास ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

इथं जंगलात फोनला रेंज नाही, म्हणून बसच्या कंडक्टरकडे पत्र देते आहे. आमच्या राष्ट्रीय उद्यानाची यंदाची उद्दिष्टं मला ठरवायची होती: पाहुण्यांना काय शिकवायचं आणि गाईडांना कसं तयार करायचं. साहेबांना एवढंच हवं, की माणसं दुप्पट यावीत आणि गाईडांनी हसून नमस्कार करावा. मी लिहिलं, की माकडाला खाऊ का घालू नये हे बाहेर पडताना प्रत्येकाला सांगता यावं. आणि जो ऐकणार नाही त्याला गाईडनं अर्ध्या वाटेवरून परत फिरवावं, मग तो कुणीही असो. साहेब म्हणाले, हे दुसरं कलम काढ, नाहीतर चिकोडीच्या ऑफिसात फायली लावत बस. मी काढणार नाही.

तुझी,
ऋतिका

वडगाव, ९ जानेवारी

चि. ऋतिकास जयाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या बापाची आठवण झाली. तोही असाच आडमुठा. अजिबात काढू नकोस. आपल्या विणकराच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. धागा तुटला की मागावर बसलेला माग थांबवतो, आणि मालकानंही त्याला चालू कर म्हणायचं नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना माग चालू कर म्हणणाऱ्या आजोबांना तू गप्प बसवलं होतंस, तेव्हा परकरात होतीस. मग हा साहेब कोण लागून गेला?

रविवारी गल्लीतल्या बायका घेऊन तुझं जंगल बघायला येते. मालुबाई भडंग करणार आहे. गाईडांना सांगून ठेव, ऋतिकाची आत्या येते आहे म्हणून.

तुझी,
आत्या

खानापूर, १३ जानेवारी

तीर्थरूप आत्यास सा. न.

काल मी मीटिंगला बेळगावला गेले आणि इकडे महाभारत झालं. मालुबाईंनी माकडांपुढं भडंग टाकलं. आमच्या गाईड भाग्यलक्ष्मीनं आधी समजावलं, मग बजावलं. त्या हसत राहिल्या आणि तू म्हणालीस, आम्ही घरचीच माणसं. तिनं तुम्हा सगळ्यांना ओढ्यापासून परत आणलं. नवी पोर आहे, नुकतंच प्रशिक्षण संपलंय. पण हटली न्हाय म्हणे.

साहेब खूश आहेत. माझ्याच घरच्या बाईचा अपमान झाला, तिची तक्रार आली की कलम काढतो म्हणतात. सही घ्यायला ते तुझ्या दारात येतील. भाग्यलक्ष्मीनं तुझी माफी मागावी असंही त्यांचं म्हणणं आहे. आत्या, मी तिला माफी मागू देणार नाही. मला फार वाईट वाटतंय, रडूही आलं. पण तुझ्यासाठी वाकवला तर तो नियम उद्या कुणालाच लागू होणार नाही. खुशाल रागव, फक्त लोभ सोडू नकोस.

तुझी,
ऋतिका

वडगाव, १५ जानेवारी

चि. ऋतिकास आशीर्वाद.

राग आलताच. चार बायकांत मान खाली गेली. परवापर्यंत मी सहीसुद्धा केली असती.

काल संक्रांत, तरी एक साडी उरकायची म्हणून मागावर बसले होते. साहेब आले आणि नेमका धागा तुटला. मी तो जोडायला वाकले, तर साहेब म्हणाले, राहू द्या हो तो धागा, आधी सही करा. असं म्हणणारा माणूस आपल्या घरात आजवर पाऊल टाकून गेला नव्हता. मी त्यांना उभंच ठेवलं. धागा जोडला. मग सांगितलं, की पोरीनं मला परत फिरवलं ते बरोबरच केलं. चूक माझी आणि मालुबाईची. कलम काढलंत तर आख्खी गल्ली घेऊन तुमच्या गेटवर बसेन. सही केली नाही. सण होता म्हणून चहा मात्र पाजला.

बदली केली तर करू दे. चिकोडीलाही बस जाते. मालुबाई अजून फुगलेली आहे, तिलाच घेऊन पुन्हा येते, भडंग घरी ठेवून.

सोबत तिळगूळ आहे, तो भाग्यलक्ष्मीचा. तिला म्हणावं, आत्यानं दिलाय, पोटभर खा, पण गोड बोलू नकोस.

तुझी,
आत्या