बेटावरची हजेरी

१२ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा जर्मनीत, ब्राउनश्वाइगला! आईने बॅगेत कोंबलेला मेतकुटाचा डबाही शाबूत आहे. स्टेशनवर पद्माकरदादा घ्यायला आला होता. कॉलेजात तो माझ्या चार वर्षं पुढे. ही नोकरी त्यानेच सुचवली, खोलीही त्याच्याच फ्लॅटमध्ये. आनमेल्डुंगची, म्हणजे इथल्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीची, अपॉइंटमेंटसुद्धा घेऊन ठेवली आहे पठ्ठ्याने. जानेवारीत संस्थेच्या जहाजातून अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या एका निर्मनुष्य बेटावर पक्षी मोजायला जायचं. पगार देऊन कोणी पक्षी बघायला नेतं यावर बाबांचा अजून विश्वास बसलेला नाही.

२९ जानेवारी, जहाजावर
बेट पाहिलं. वारा, चिखल, घाण वास मारणारे सील, आणि अल्बट्रॉस. उतरण्याआधी बुटांच्या खाचांतल्या बिया टाचणीने काढायच्या, तासभर तेच. दाराशी फळ्यावर प्रत्येकाच्या नावाची पट्टी असते. उतरताना लाल बाजू, परतल्यावर हिरवी. दुसऱ्याच्या पट्टीला हात लावायचा नाही. शेवटची बोट आली तरी दादाची पट्टी लालच होती. उशिरावरून आमच्या प्रमुख फ्राऊ लिंडनर त्याला आधीच एकदा बोलल्या होत्या. त्याचं नारंगी जाकीट जिन्यात दिसल्यासारखं वाटलं, म्हणून पट्टी मीच फिरवली. कॉलेजात एकमेकांच्या प्रॉक्सी काय कमी लावल्या? जहाज सुटलं. जेवायला दादा समोरच बसला होता, तेव्हा हायसं वाटलं.

६ मार्च, ब्राउनश्वाइग
परत आलो, पण थकवा जात नाही. बेटावरचा कॅमेरा रोज दुपारी एक फोटो पाठवतो. मी त्यातले पक्षी मोजून तक्त्यात भरतो. माणसं : शून्य. हाही रकाना रोज भरायचा. दादा आल्यापासून गप्प आहे. वरणभात ताटात तसाच टाकतो, काही विचारलं की जर्मनमध्ये नुसतं गेनाऊ, ‘बरोबर’, म्हणतो. बाथरूममध्ये काळा चिखल होता. दोनदा धुतला, कंटाळलो.

१४ मार्च
आजच्या फोटोत माणूस आहे. नारंगी जाकीट, वाढलेली दाढी. मोठा करून पाहिला. पद्माकरदादा.
मान वळवली. शेजारच्या टेबलावर दादा टाइप करत होता.

१७ मार्च
रोज दिसतो. आज दगड मांडून लिहिलंय, मराठीत, म्हणजे माझ्यासाठीच : मधू, मी राहिलो.
माझ्यामुळे राहिला. पट्टी मी फिरवली.

१९ मार्च
लिंडनरबाईंना सगळं कबूल केलं. त्यांना फोटोत सील दिसला. दगड म्हणजे दगड. पद्माकर तर इथेच आहे म्हणाल्या, मग हरवलं कोण? जहाज कोणासाठी पाठवायचं? डॉक्टरकडून दोन आठवड्यांची रजा लिहून आण म्हणाल्या. माझी काळजी घ्यायला त्यालाच सांगितलं.

२४ मार्च
माझं लॉग-इन बंद. फोटो बघता येत नाहीत. तिकडे हिवाळा लागतोय. बेटावर आमचं सामानाचं खोपट आहे, त्यात खाण्याचे डबे होते, आठ-दहा असतील. भ्यायचंही त्राण उरलेलं नाही. इथला तो माझ्या दाराबाहेर उभा असतो. श्वास ऐकू येत नाही.

२६ मार्च
आत आलाय. पलंगावर बसलाय. पुढची फेरी नोव्हेंबरात, माझं नाव दिलंय म्हणतो. स्वच्छ मराठीत.
मी हो म्हणालो. काय ते कळतंय, तरी जाईन. दादा तिथे माझ्यामुळे — जिवंत नसला तरी निदान —
दादाला तिथे सोबत आहे म्हणतो. आम्ही पुष्कळ आहोत म्हणतो. सगळ्यांनाच इकडे यायचंय. एकेकाला बदल्यात एकेक माणूस लागतो —
मी विचारलं, जहाजावर आम्ही बारा जण होतो, त्यातले किती —
तो बोटांवर मोजतोय. पहिलं नाव, लिंडनरबाई. दुसरं —
खाली बेल वाजतेय. तो उठला, दार उघडायला. जिन्यात पावलं, एकाची नाहीत, बऱ्याच —